प्लॅनेटसाइड २ : मेडिकचे पहिले सर्ट कुठे घालवावेत? (अनुभव धागा)

धागाकर्ता, ठाणे

‘प्लॅनेटसाइड २’ हा संगणकावरचा सांघिक लढाईचा खेळ २० नोव्हेंबर २०१२ रोजी आला. तो फुकट खेळता येतो आणि फुकट खेळणाऱ्याला सर्वांत आधी जाणवते ती सर्टची, म्हणजे शस्त्रे आणि सुधारणा घेण्यासाठी लागणाऱ्या गुणांची, चणचण. २५० एक्सपी (अनुभवाचे गुण) जमले की एक सर्ट पदरात पडतो. एका शत्रूमागे साधारण १०० एक्सपी धरले, तर १००० सर्टची बंदूक घेण्यासाठी २,५०,००० एक्सपी लागतात, म्हणजे निव्वळ मारामारीच्या हिशेबाने २५०० शत्रू लोळवावे लागतात. हा त्रैराशिकाचा हिशेब मी आधी मांडला असता, तर हा धागा काढण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

मी न्यू कॉन्ग्लोमरेट या सैन्याकडून मेडिक (जखमी सोबत्यांना बरे करणारा आणि मेलेल्यांना उठवणारा सैनिक) म्हणून खेळू लागलो आणि पहिले काही आठवडे एकही सर्ट न मोडता नव्या रायफलीसाठी साठवत राहिलो. मधल्या काळात सुरुवातीला मिळणाऱ्या गॉस रायफलीवर एक दुर्बीण आणि पुढची मूठ तेवढी बसवली होती. शेवटी नवी रायफल घेतली, मोठ्या हौसेने रणांगणात उतरलो आणि पाहतो तर ती बोडकी! दुर्बीण काय किंवा मूठ काय, ज्या बंदुकीसाठी घ्यावी तिच्यापुरतीच ती राहते. एकीची दुसरीला लागत नाही. खिशात सर्ट उरलेले नव्हते, हातातले औषधाचे यंत्र पहिल्या दिवशी होते तसेच होते आणि जुनी रायफल नवीपेक्षा बरी चालत होती. त्या संध्याकाळी मी परत गॉस रायफल घेतली, ती पुढे बराच काळ हातातून सोडली नाही.

तर मेडिक निवडणाऱ्या नव्या मंडळींसाठी जाणत्यांनी आपापले अनुभव लिहावेत, ही विनंती. खेळातील किमती वेळोवेळी बदलत आल्या आहेत, म्हणून आकड्यांपेक्षा खर्चाचा क्रम कोणता लावला आणि तो का लावला, हे सांगितल्यास अधिक उपयोग होईल.

म्युनिक, जर्मनी

मी २०१३ पासून युरोपातील मिलर या सर्व्हरवर खेळत असे. इंदार खंडावर ‘द क्राउन’ नावाची टेकडीवरची गढी आहे आणि त्या काळी तिथे तासन्‌तास लढाई चाले. गढीच्या जिन्यात आमच्या बाजूचा एक हेवी असॉल्ट (जड शस्त्रांचा सैनिक) पडला होता. मी त्याला उठवले, तो उठला आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा पडला. असे तीन वेळा झाले. चौथ्यांदा त्याने उठण्यास नकार दिला, कारण या खेळात पडलेल्याने होकार दिल्याशिवाय मेडिकला त्याला उभे करता येत नाही. मला त्याचा रागच आला. मी इतका जीव धोक्यात घालून त्याच्यापर्यंत पोहोचत होतो आणि हा गृहस्थ मला सरळ नाही म्हणत होता.

चूक त्याची नव्हती, हे उशिरा लक्षात आले. मेडिकल अ‍ॅप्लिकेटर, म्हणजे मेडिकच्या हातातले औषधाचे यंत्र, ज्याला सगळे मेड टूल म्हणतात, त्याच्या खालच्या पायरीवर उठवलेला माणूस अगदी थोड्या प्राणशक्तीनिशी उठतो आणि उठवायला वेळही जास्त लागतो. जिन्यात समोरून गोळ्या येत असताना अशा माणसाला उठवणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मरायला लावणे होय. टूलच्या पायऱ्या चढत गेल्या, की जखमा लवकर भरतात, माणूस लवकर उठतो आणि उठताना अधिक प्राणशक्ती घेऊन उठतो. पहिल्या पायऱ्या स्वस्त असतात आणि पुढच्या झपाट्याने महागतात, त्यामुळे निदान स्वस्तातल्या पायऱ्या पहिल्याच दिवशी घ्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. शेवटची महागडी पायरी मी सहा महिन्यांनी घेतली. ती आधी घेतली असती तर बरे झाले असते, परंतु मधल्या पायऱ्यांवरही काही अडले नाही.

कोल्हापूर

आमच्या घरी संगणक एकच होता आणि तो दादाचा होता. त्यामुळे तो जेवायला बसला की मला खेळायला मिळायचे आणि त्याचा सल्ला घेण्याचा प्रश्नच नव्हता, तो न विचारताच मिळायचा. मी टेरन रिपब्लिक या दुसऱ्या सैन्याकडून टी१ सायक्लर रायफल घेऊन खेळत असे. दादाचे म्हणणे होते की सगळे सर्ट टूलवर घाल. मी त्याचे न ऐकता आधी एकपट दिसणारी साधी रिफ्लेक्स दुर्बीण घेतली, कारण सायक्लरच्या मूळ लोखंडी माशीतून मला निम्मा माणूस दिसेनासा व्हायचा. दुर्बीण स्वस्त होती आणि तिच्यामुळे मी जिवंत राहू लागले, हे मान्य करायलाच हवे. मेलेला मेडिक कुणाला उठवणार?

म्युनिकच्या सदस्यांचा क्रम मला पटतो, तरी त्यात दुर्बीण पहिली बसवावी, असे सुचवीन. आणखी एक गोष्ट दादाने मला तीन महिन्यांनी सांगितली, ती मी इथे लगेच सांगते. खेळात व्हीआर ट्रेनिंग नावाचे सरावाचे मैदान आहे आणि तिथे बंदुका व त्यांचे सुटे भाग फुकट वापरून पाहता येतात. मी तिथे एक संध्याकाळ काढली आणि ज्या दुर्बिणीसाठी सर्ट साठवत होते ती मला मुळीच मानवत नाही, हे एक सर्टही न घालवता कळले.

नागपूर

माझी अडचण निराळी होती. माझे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, कायम दोनशे मिलिसेकंदांच्या वर असे. माझ्या पडद्यावर मी भिंतीआड पोहोचलेलो असायचो आणि शत्रूच्या पडद्यावर अजून उघड्यावर, त्यामुळे समोरासमोरच्या चकमकीत माझा निकाल ठरलेलाच असे. मेडिक मी आवडीने नव्हे, नाइलाजाने घेतला. औषधोपचाराला नेमबाजांची चपळाई लागत नाही आणि माणसे बरी करण्याचे एक्सपी पिंग पाहून मिळत नाहीत.

मी टूलच्या दोन पायऱ्या घेतल्या आणि मग नॅनो-रीजन डिव्हाइसवर वळलो. एफ दाबले की मेडिकभोवतीच्या सगळ्या सोबत्यांच्या जखमा भरू लागतात आणि मेडिकच्या स्वतःच्याही भरतात. दहा-बारा जण एखाद्या दारापाशी दबा धरून बसलेले असताना हे साधन चालू करून मागे उभे राहिले, तर एक्सपी अक्षरशः ठिबकत राहतात. खालच्या पायऱ्यांवर ते फार वेळ चालत नाही, म्हणून त्याच्याही पहिल्या एकदोन पायऱ्या लवकर घ्याव्यात. ज्याला एकट्याने हिंडायचे आहे, त्याला मात्र याचा फारसा उपयोग नाही.

ज्याला एकही सर्ट पडत नाही अशी सुधारणाही सांगतो : स्क्वॉडमध्ये (एकत्र खेळणाऱ्यांच्या तुकडीत) सामील व्हा. आपल्या स्क्वॉडमधल्या माणसाला बरे केले किंवा उठवले, की जास्त एक्सपी मिळतात. मी दोन महिने एकटाच हिंडत होतो आणि त्याबद्दल आजही हळहळतो.

मुंबई

वरच्या सगळ्यांशी मी अंशतः असहमत आहे. टूल आणि दुर्बीण ठीक आहे, परंतु चिलखताबद्दल कुणी अवाक्षर काढलेले नाही. सूट स्लॉटमध्ये, म्हणजे चिलखताच्या जागी, एका वेळी एकच गोष्ट बसते, त्यामुळे निवड विचारपूर्वक करावी लागते. बहुतेक जण डोळे मिटून नॅनोवीव्ह घेतात, कारण ते बंदुकीच्या गोळ्यांचा मारा सौम्य करते. मीही घेतले होते.

मग एका रविवारी मी वही घेऊन बसलो आणि प्रत्येक मरणानंतर कशाने मेलो, ते लिहीत गेलो. १९ मरणांपैकी ११ हातबाँब, सुरुंग आणि रणगाड्यांचे गोळे यांच्यामुळे झाली होती. यात नवल काही नव्हते. मेडिकला जिथे प्रेते पडतात तिथे जावे लागते आणि शत्रूही हातबाँब तिथेच टाकतो, कारण कुणीतरी उठवायला येणार हे त्याला ठाऊक असते. स्फोटकांपासून वाचवणारे फ्लॅक आर्मर मी त्यानंतर घेतले. त्याच्याही पहिल्या पायऱ्या परवडण्याजोग्या आहेत. गोळीबारात मी आता पूर्वीपेक्षा जरा लवकर मरतो, हे खरे आहे, परंतु एका माणसाला उठवताना दोघेही एकाच बाँबला बळी पडलो, असे क्वचित होते.

मडगाव, गोवा

माझा मुद्दा लहान आहे. नव्या मेडिकांना मॅक्स सूट (अंगभर जड यांत्रिक चिलखत) घातलेला सोबती पडलेला दिसला, की ते त्याला यंत्र समजून पुढे निघून जातात. मॅक्सची दुरुस्ती इंजिनियर करतो, मेडिकला त्याच्या जखमा भरता येत नाहीत, हे खरेच आहे. मात्र पडलेल्या मॅक्सला उठवतो तो मेडिकच. मॅक्सला ४५० नॅनाइट (सर्टहून वेगळे, खेळातले दुसरे चलन) मोजावे लागतात, म्हणजे आपण दोन-चार सेकंद खर्च करून त्याची मोठी पुंजी वाचवतो. त्यामुळे सुरुवातीलाच सर्ट खर्चून काही वेगळे घेण्याऐवजी मी एका इंजिनियर मित्राशी जोडी जमवली. मी उठवायचे आणि त्याने दुरुस्त करायचे. माझ्या गोळ्या संपल्या की त्याची दारूगोळ्याची पेटी पायाशी असायची. दोघांनीही पहिले सर्ट आपापल्या हातातल्या यंत्रावरच घातले.

सोलापूर

सी-४ (हाताने टाकायचे स्फोटक) आणि रिव्हाइव्ह ग्रेनेड (पडलेल्यांना उठवणारा हातबाँब) यांच्या मोहात पडू नये, एवढेच लिहितो. दोन्ही उत्तम आहेत, परंतु सर्ट मोजून ती घेतल्यावर प्रत्येक वापराला नॅनाइट वेगळे जातात. सी-४च्या एका विटेलाच ७५ नॅनाइट लागतात. मी दुसऱ्याच आठवड्यात सी-४ घेतले आणि रणगाड्यामागे धावण्यात इतका रमलो, की आमच्या स्क्वॉडच्या म्होरक्याने मला एकदा शांतपणे विचारले, “आपल्याकडे मेडिक कोण आहे?”

धागाकर्ता, ठाणे

सर्वांचे आभार. मी आता व्हानू सॉव्हरेंटी या तिसऱ्या सैन्यात नवे पात्र काढले आहे, हातात सुरुवातीचीच पल्सार रायफल आहे आणि या वेळी कोणतीही रायफल घेणार नाही. कोल्हापूरच्या ताईंचे ऐकून रिफ्लेक्स दुर्बीण घेतली, म्युनिककरांचे ऐकून टूलच्या परवडतील तेवढ्या पायऱ्या चढलो आणि काल रात्री नागपूरकरांच्या सांगण्यावरून एका अनोळखी स्क्वॉडमध्ये शिरलो. तिथे मी उठवलेल्या एका मॅक्सने मला दोनदा धन्यवाद दिले. उरलेले सर्ट तूर्त तसेच ठेवले आहेत. नॅनोवीव्ह की फ्लॅक, हे ठरवण्यापूर्वी मुंबईकरांप्रमाणे वही घेऊन बसणार आहे. काल उत्साहाच्या भरात तसाच खेळत बसलो आणि सहा मरणांनंतर नोंद करायचे विसरलो. त्या सहांपैकी पाच हातबाँबची होती, एवढे आठवते. सहाव्या वेळी मी स्वतःच गढीच्या कठड्यावरून खाली पडलो.