फ्रेंच वसाहतीत राजाचा गव्हर्नर नेमकं काय करायचा?

गोदाकाठ (नाशिक): न्यू फ्रान्सवर, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीवर टिपण काढतेय. १६६३ पासून तिथला गव्हर्नर राजाचा, मग खजिनाही त्याच्याकडेच हवा ना? प्रत्येक हिशोबात हा ‘इंटेंडंट’ कुठून उपटतो? आणि आपला पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्लेही याच पठडीतला का?

जुनीवही: चौदाव्या लुईने वसाहत ताब्यात घेतली, पण सगळी सत्ता एकाच्या हाती ठेवली नाही. गव्हर्नरकडे सैन्य, किल्ले, इंग्रजांशी आणि स्थानिक जमातींशी तह-बोलणी. इंटेंडंटकडे न्याय, बंदोबस्त आणि पैसा. आपल्याकडचं उदाहरण घ्या: देवळालीचा छावणीप्रमुख आणि नाशिकचा कलेक्टर, फक्त मानाच्या रांगेत छावणीवाला पुढे. मोहिमेचा हुकूम गव्हर्नरचा, पण शिधा, दारूगोळा, पगार इंटेंडंटच्या सहीने. त्याने हात आखडला की मोहीम अडली. दोघंही आरमारमंत्र्याला स्वतंत्र पत्रं धाडायचे, त्यात एकमेकांच्या चहाड्या भरपूर. सेंट लॉरेन्स नदी हिवाळ्यात गोठायची, त्यामुळे शरदात गेलेल्या पत्राचं उत्तर पुढच्या उन्हाळ्यात. तोवर भांडण मुरायचं.

तहनामा: छोटी दुरुस्ती. १६६४ ते १६७४ वसाहतीची कागदोपत्री मालकी फ्रेंच वेस्ट इंडिया कंपनीची होती. तरी गव्हर्नर आणि इंटेंडंट राजानेच नेमले. टिपणात हे लिहा, नाहीतर तारखा जुळणार नाहीत.

भांडणाचा नमुना हवा तर गव्हर्नर फ्रोंतनाक बघा. १६७२ ला आला. पुढे इंटेंडंट द्युशेनोशी वाद कशावरून, तर वसाहतीच्या कौन्सिलच्या इतिवृत्तात आपल्याला ‘प्रमुख आणि अध्यक्ष’ लिहावं म्हणून! १६८२ ला राजाने दोघांनाही परत बोलावलं. इरोक्वा या स्थानिक जमातींशी लढाई पेटल्यावर १६८९ ला फ्रोंतनाकलाच पुन्हा धाडलं, कारण गव्हर्नरचं खरं काम तेच.

पैशाचं म्हणाल तर १६८५ ला नाणी संपली आणि सैनिकांचे पगार थकले. तेव्हा इंटेंडंट द मल याने खेळायच्या पत्त्यांवर सह्या करून तेच चलन म्हणून वाटले. गव्हर्नरने नव्हे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

जुनीवही: डुप्ले मात्र या यादीत नको. १७४२ ते १७५४ तो फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता, आणि त्याच्या जागी आलेला गोदेहू हा कंपनीचाच संचालक. पाँडिचेरीचा कारभार राजाकडे गेला तो १७६९ ला कंपनीची मक्तेदारी उठल्यानंतर.

गोदाकाठ (नाशिक): म्हणजे डुप्लेचा रकाना खोडते. कंपनीवाल्यांसाठी वेगळा तक्ता करावा लागणार.