परदेशात जन्मलेलं मूल आणि एका वर्षाची मुदत

तळ्यातमळ्यात:
आई किंवा वडील भारतीय असले की परदेशात जन्मलेलं मूलही आपोआप भारतीय, असं बहुतेक जण धरून चालतात. ३ डिसेंबर २००४ पासून तसं राहिलेलं नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४ प्रमाणे जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय कॉन्सुलेटमध्ये व्हावी लागते. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. नोंद होत नाही तोवर मूल भारतीय नाही.

माझ्या मते ही मुदत काढून टाकावी. नोंदणी ठेवा, पण जन्मानेच मिळालेल्या नागरिकत्वाचा पुरावा म्हणून. आळस आईबापांचा आणि फटका तान्ह्या पोराला, हा कुठला न्याय? अमेरिकेत जन्मलेल्याला निदान तिथलं नागरिकत्व असतं. आखातात आपल्या लोकांच्या मुलांना तेही मिळत नाही, म्हणजे नोंद राहिली तर पोर कुठल्याच देशाचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम ७ मुलाला नागरिकत्वाचा हक्क देतं आणि भारताने १९९२ मध्ये तो करार स्वीकारलाय.

सातबारा:
अजिबात पटलं नाही. जपानमध्ये काय आहे बघा. मूल परदेशात जन्मलं आणि तिथलं नागरिकत्व त्याला जन्मतःच मिळालं, तर तीन महिन्यांत कळवावं लागतं, नाहीतर जपानी नागरिकत्व जातं. आपण बारा महिने देतो, वर परवानगीची वाट उघडी ठेवतो.
मुदत नसेल तर तीस वर्षांनी कोणीतरी उगवेल, 'माझे वडील भारतीय होते' म्हणत. वडील हयात नाहीत, जुना पासपोर्ट सापडत नाही. तपासायचं कोणी आणि कसं? जन्मानंतर लगेच जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र सगळं हाताशी असतं. तेव्हाच उरकून टाका की.

तळ्यातमळ्यात:
उशिरा आलेल्याकडून पुरावा कडक मागा, माझी ना नाही. पण पुरावा मागणं वेगळं आणि हक्कच नाकारणं वेगळं.

वाळवंटी:
आखातातून लिहितोय. इथे साधारण नोकरदाराची मुदत चुकत नाही, कारण पासपोर्टाशिवाय बाळाला ना रहिवासी व्हिसा, ना सुट्टीत घरी नेता येत. लोक स्वतःहून धावतात. चुकते ती वेगळ्यांची. लग्नाचा कागद नसलेल्या जोडप्याची, नवरा सोडून गेलेल्या बाईची, किंवा जिचा पासपोर्टच मालकाने ठेवून घेतलाय अशा घरकामवालीची. लग्नाचा कागद नसेल तर काही देशांत जन्मदाखलाच अडतो, मग कॉन्सुलेटच्या खिडकीवर ती काय दाखवणार? सातबारा, तुमचं 'सगळं हाताशी असतं' हे घडी बसलेल्या संसाराचं वर्णन आहे. आणि तळ्यातमळ्यात, 'आळस' हा शब्द तुम्हीही जपून वापरा.

स्पष्टवक्ती:
तुम्ही मुदतीवर भांडताय, पण अमेरिका-कॅनडावाल्यांचं घोडं अडतं दुसरीकडेच. नोंदणीच्या अर्जात पालकांना लिहून द्यावं लागतं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. आजी-आजोबांना बाळ दाखवायची घाई असते, अमेरिकन पासपोर्ट लवकर हातात पडतो, तो काढला जातो. मग कळतं की आता ओसीआय कार्डच घ्या, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते. ते नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.
आणि मौज पाहा. त्याच कलम ४ मधलं पोटकलम (१अ) म्हणतं, दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असलेल्या मुलाने सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडलं नाही, तर त्याचं भारतीय नागरिकत्व संपेल. म्हणजे लहानपणी दोन्ही नागरिकत्वं असू शकतात हे कायदाच गृहीत धरतो. चालत नाही तो फक्त पासपोर्ट! मुदत दहा वर्षं केलीत तरी या लोकांना काडीचा फायदा नाही.

उंबरठा:
एक शंका. फक्त आई भारतीय असेल तर या सगळ्याचा उपयोगच नाही ना? नागरिकत्व बापाकडून येतं असं ऐकलंय.

सातबारा:
ते जुनं झालं. १० डिसेंबर १९९२ च्या आधी परदेशात जन्मलेल्यांसाठी फक्त वडील धरले जायचे. त्या तारखेपासून आई किंवा वडील, कोणीही एक चालतं. १९८५ साली लंडनमध्ये भारतीय आई आणि इंग्रज बापाच्या पोटी जन्मलेल्याला मात्र या कलमाने काही मिळत नाही.
वाळवंटींचा मुद्दा वजनदार आहे. पण अशांसाठीच तर उशिराच्या परवानगीची सोय आहे.

तळ्यातमळ्यात:
सोय म्हणे! परवानगी द्यायची की नाही हे सरकारच्या मर्जीवर. पालकांना एक वर्ष, आणि सरकारने उत्तर किती दिवसांत द्यायचं? कलम ४ त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

सातबारा:
हे खरं आहे. सरकारलाही मुदत घाला, आणि नकार दिला तर कारण लेखी द्यायला लावा, सही करतो. एक वर्षाची अट काढायला विरोध कायम.

वाळवंटी:
सही मीही करतो. पण आधी त्या घरकामवालीचा पासपोर्ट मालकाकडून कोण सोडवून आणणार, ते सांगा.