शब्दचर्चा : मुदत, अवधी, अखेर आणि आठवड्यातला आठवा दिवस

हळदपेठ, सांगली

मंडळी, एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरच्या पाट्या मराठीत करतोय, आणि अडलोय. जावा भाषेत काळ मोजायच्या दोन वेगळ्या चिजा आहेत. ‘ड्यूरेशन’ सेकंदांत मोजतं, ‘पिरियड’ वर्षं-महिने-दिवसांत. माझ्या आधीच्या गड्याने दोन्हींना ‘कालावधी’ चिकटवलं आणि तो मोकळा झाला. आता ठेवीचाही कालावधी आणि लॉगिन आपोआप बंद पडायचाही कालावधी. दोन शब्द सुचवा.

दुसरं म्हणजे भांडण आहे. १ एप्रिलला ९१ दिवसांची ठेव ठेवली तर ती कधी भरते? प्रोग्रॅम म्हणतो १ जुलै. तीस वर्षं काउंटरवर बसलेले कॅशिअरकाका बोटं मोजून म्हणतात ३० जून. वर मोबाइल ॲपही ३० जूनच दाखवतंय, त्यामुळे काका सध्या फॉर्मात आहेत.

मिरज जंक्शन

पहिल्याचं उत्तर आपल्या बोलण्यात तयार आहे. ‘मुदत’ मूळ अरबी, पण तिला मराठीत आल्यावर शेवट चिकटला. मुदत भरते, संपते, टळते, वाढवून मिळते. टायफॉइडला आपल्याकडे ‘मुदतीचा ताप’ म्हणायचे, कारण तो आपले दिवस पुरे केल्याशिवाय उतरायचा नाही. ‘अवधी’चं तसं नाही. ‘थोडा अवधी द्या’ म्हणताना कॅलेंडर कुणी बघत नाही.

म्हणून पिरियड म्हणजे मुदत आणि ड्यूरेशन म्हणजे अवधी. मुदतीला सुरुवातीची तारीख लागते, त्याशिवाय तिची लांबीच कळत नाही. तीन महिने म्हणजे किती दिवस? १ एप्रिलपासून ९१. २०२५ च्या १ फेब्रुवारीपासून मोजाल तर ८९. आणि ३१ जानेवारीत एक महिना मिळवून बघा. जावा २८ फेब्रुवारीवर थांबतं, जावास्क्रिप्ट सरळ ३ मार्चला जाऊन उभं राहतं. लीप वर्ष असेल तर २९ फेब्रुवारी आणि २ मार्च. चूक कुणाची नाही, ‘महिना’ हा शब्दच लवचीक आहे. तुमच्या संस्थेचा नियम काय ते आधी लेखी घ्या.

कृष्णाकाठ

काकांना हसू नका. ते मराठीत मोजताहेत.

सात दिवसांच्या मापाला आपण ‘आठवडा’ म्हणतो. शब्दात आठ, दिवस सात! ‘आठ दिवसांनी ये’ असं सोमवारी सांगितलेला माणूस पुढच्या सोमवारी येतो, मंगळवारी नाही. या शनिवारच्या बाजारापासून पुढच्या शनिवारच्या बाजारापर्यंत बोटं मोजा, दोन्ही शनिवार धरले की आठ भरतात. आपली रीतच अशी, निघालो तो दिवस पहिला. बारसं बाराव्या दिवशी, आणि जन्माचा दिवस त्यात एक. पाच तारखेला जन्म झाला तर बारावा दिवस सोळा तारखेला येतो. प्रोग्रॅमरने पाचात बारा मिळवले तर पाळणा सतराला हलेल. मिळवायचे अकरा. तेराव्याचंही तेच.

प्रोग्रॅममध्ये मिळवतात ती दोन तारखांमधली अंतरं. आपण मोजतो ते दिवस. कुंपणाचे खांब आणि मधले गाळे यांत एकाचा फरक पडतो, तेवढाच काका आणि कॉम्प्युटरमध्ये पडलाय.

शके-संवत

आणि ‘परवा’ला कुठलं चिन्ह लावणार, अधिक की उणे? ‘तेरवा’लाही, म्हणजे परवाच्या पलीकडच्या दिवसालाही, तोच घोळ.

मोडीवाचक, सातारा

साताऱ्याकडची जुनी कागदपत्रं वाचणाऱ्यांना तुमचं दुःख नवं नाही. मोडी पत्रात ‘छ’ दिसला की पुढचा आकडा इंग्रजी तारखेचा नसून मुसलमानी महिन्याच्या चंद्राचा, म्हणजे त्या चांद्र महिन्यातल्या दिवसाचा. त्यात वर्ष शुहूर सन, म्हणजे त्या काळच्या दप्तरातली कालगणना, तेही अरबी अंकनामांत. ‘इहिदे सबैन अलफ’ म्हणजे एक, सत्तर, हजार, म्हणून १०७१. त्यात ५९९ मिळवले की इसवी १६७० येतं, पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. (एकं आधी, हजार शेवटी. दिवस-महिना-वर्ष लिहिणाऱ्यांना बरं वाटेल.)

‘तारीख’, ‘तिथी’ आणि ‘मिती’ मात्र एका रकान्यात कोंबू नका. तिथी हा दिवस नव्हेच. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकायला जो वेळ लागतो ती तिथी, कधी एकोणीस तासांत उरकते, कधी सव्वीस तास रेंगाळते. म्हणून एखादी दोन सूर्योदयांना सापडते आणि एखादी एकालाही नाही.

शके-संवत

याच्यावर माझी फजिती सांगतो. ब्राउझरला ‘इंडियन’ कॅलेंडर मागता येतं. एका मंडळाच्या वेबसाइटवर मी ते हौसेने लावलं. ३० मार्च २०२४ ला पानावर झळकलं, ‘चैत्र १०, शके १९४६’. बाहेर सांगलीत पोरं रंगात न्हालेली. रंगपंचमी होती, फाल्गुन वद्य पंचमी, आणि पंचांगात शके अजून १९४५!

ते कॅलेंडर म्हणजे १९५७ पासूनचं सरकारी सौर शके. त्याचं वर्ष २२ मार्चला सुरू होतं, लीप वर्षी २१ ला. महिन्यांची नावं आपलीच, पण पाडव्याशी संबंध नाही, अधिक महिना नाही, शुद्ध-वद्य नाही. गुढीपाडवा त्या साली ९ एप्रिलला होता. मंडळातल्या आजोबांनी फोन करून विचारलं, ‘शिमगा झाला नाही आणि तुझा चैत्र अर्धा होत आला?’ शिमगा झाला होता खरं तर, पण वाद घालायची माझी छाती नव्हती.

हळदपेठ, सांगली

तिथीचं माझ्याकडे काम नाही, देवाची कृपा.

काकांचं ॲप काल उघडून बघितलं. ॲप बरोबर नव्हतंच. सर्व्हरवर तारखेला वेळ चिकटवून ठेवलीय, १ जुलै, मध्यरात्र, भारतीय वेळ. ॲप तीच ग्रिनिचच्या घड्याळाने वाचतं. साडेपाच तास वजा झाले की ३० जूनची संध्याकाळ, साडेसहा! म्हणजे काका त्यांच्या हिशोबाने ३० म्हणतात, ॲप चुकून ३० म्हणतं, आणि दोघांची गट्टी. १५ ऑगस्टची ठेव ॲपमध्ये १४ ला ठेवलेली दिसते, हे काकांनी पाहिलेलंच नाही. तारखेला वेळ नकोच, हे आता दुरुस्त करतोय.

कृष्णाकाठ

मग काकांना ‘अखेर’ द्या. ‘३० जूनपर्यंत’ म्हटलं की ३० धरायचा की नाही यावर वाद होतो. डेटाबेसला नुसती तारीख दिली तर तोही ३० ची मध्यरात्र धरतो आणि त्या दिवसभरातल्या पावत्या यादीतून गायब. ‘जूनअखेर’वर वाद होत नाही. व्याजाचे ९१ दिवस १ एप्रिल ते जूनअखेर, काकांचं बरोबर. पैसे हातात १ जुलैला, प्रोग्रॅमचंही बरोबर.

हळदपेठ, सांगली

पावतीवर दोन ओळी टाकल्या. ‘मुदत : ३० जूनअखेर’ आणि खाली ‘रक्कम मिळण्याची तारीख : १ जुलै’. काकांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं, म्हणाले, ‘मी काय वेगळं सांगत होतो?’ लॉगिनचा मात्र ‘अवधी’ केलाय. त्यावर मॅनेजरसाहेबांचं म्हणणं आलंय की ‘टाइमआउट’च ठेवा, लोकांना कळतं.