मदत हवी आहे: वाऱ्यात लोखंडी फ्रेम हलते, ब्रेसिंग (तिरपा आधार) कुठे द्यावं?

खाजणकाठ
लोखंडी फ्रेमचं घर आहे, वर पत्रे. वारा सुटला की फ्रेम लांबीच्या अंगाने हलते, काचा वाजतात. फॅब्रिकेटर म्हणतो काही होत नाही. पाऊस तोंडावर आलाय. ब्रेसिंग कुठे आणि कशाचं देऊ? लवकर सांगा.

जांभाचिरा
गाव कुठलं? उंची किती, गाळे (दोन खांबांमधल्या जागा) किती, भिंती कशाच्या? खांब खाली कशात बसवलेत?

नारळीबाग
श्रीवर्धनला 2020 च्या निसर्ग वादळात आमच्या आळीतले निम्मे पत्रे उडाले. आमच्या पत्र्यांवर वाळूची पोती होती, ते राहिले. पोती टाका आधी.

तिरपीसळई
पोत्यांच्या भरवशावर राहू नका. ताशी 120 किमी वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 68 किलो भरतो, पत्रा स्वतः जेमतेम 5 किलोचा. त्यात वाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं की आतूनही वर रेटा येतो.
खाजणकाठ, लांबीच्या दोन्ही भिंतींत निदान एकेका गाळ्यात दोन तिरप्या सळयांची फुली हवी, आणि त्याच गाळ्यावर छपरातही. सळई फक्त ताण घेते, दाबली की वाकते, आणि वारा उलटाही येतो, म्हणून एकच तिरपी देऊन भागत नाही. मधे सळई आवळायला टर्नबकल घाला.

नारळीबाग
खाऱ्या हवेत सळईचे आटे गंजून जातात. अँगल वेल्ड करा, कटकट मिटली.

तिरपीसळई
अँगलही चालेल, पण वेल्डवर रंग नसेल तर गंज तिथूनच सुरू होतो. गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेली) सळई घ्या.

उन्हाळी
पत्रे तापत असतील तर पांढरा रंग मारा, आमच्याकडे खूप फरक पडला.

खाजणकाठ
तापण्याचं विचारलंच नाहीये! दिवेआगर, जुन्या घराच्या स्लॅबवर मजला चढवलाय. दोन गाळे, सहा खांब, सिमेंट शीटच्या भिंती. एका गाळ्यात दोन्हीकडे दारं आहेत, तिथे फुली कशी बसणार? खांबांखालच्या बेस प्लेट स्लॅबला अँकर फास्टनरने, म्हणजे भोक पाडून बसवलेल्या बोल्टने, ठोकल्यात.

जांभाचिरा
स्लॅबवर आहे हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं.

तिरपीसळई
मग थांबा. दारांचा गाळा सोडा, दुसऱ्यात फुली द्या, पण फुली दिली की त्या गाळ्याच्या एका खांबाला वर उपसणारा ओढा येतो. पातळ स्लॅबमधून फास्टनर काँक्रीटसकट निघतो. आधी खांबाचा बुडखा पक्का करा, प्लेट खालच्या बीमला बांधता येईल का ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा. खांब बीमवर आलेत की नुसत्या स्लॅबवर?

खाजणकाठ
चार बीमवर आहेत. मधले दोन नुसत्या स्लॅबवर. उद्या उजेडात प्लेटचे फोटो टाकतो.