अनुभव धागा: कम्युनिटी कॉलेज, एक पेलोड आणि बदलत जाणारे हात

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांची पदवी देणारे, कमी शुल्काचे आणि सहसा कोणालाही प्रवेश मिळेल असे स्थानिक महाविद्यालय. तेथे अठरा वर्षांचा मुलगा आणि चाळिशी ओलांडलेला नोकरदार एकाच बाकावर बसतात, आणि दोघांचेही लक्ष बहुधा पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याकडे असते. नासाच्या १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पेस ग्रँट’ कार्यक्रमाची शाखा प्रत्येक राज्यात आहे आणि तिच्या आधाराने अशा कॉलेजांतील विद्यार्थीही साउंडिंग रॉकेटवर (म्हणजे काही मिनिटांसाठी अवकाशाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या लहान रॉकेटवर) किंवा मोठ्या बलूनखाली स्वतः बांधलेली उपकरणे, म्हणजेच ‘पेलोड’, पाठवू शकतात. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

मी अशाच एका कॉलेजात अर्धवेळ गणित शिकवते आणि चार वर्षे पेलोडच्या गटाची मार्गदर्शक म्हणून नाव लावते. ‘नाव लावते’ असे मुद्दाम लिहिले, कारण डाख कसा द्यायचा हे मला विद्यार्थ्यांनी शिकवले. या चार वर्षांत एकच अडचण वारंवार समोर आली. प्रकल्पाला वर्ष-दीड वर्ष लागते आणि माणसे दर सत्राला बदलतात. ज्याने वायरींचा नकाशा काढला तो डिसेंबरात विद्यापीठात निघून जातो आणि उड्डाण असते जूनमध्ये. म्हणून ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांना विनंती आहे की काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना काय टिकले आणि काय हरवले, ते लिहावे. यशाच्या बातम्या कॉलेजच्या पत्रकात येतातच.

व्हर्जिनिया, साउंडिंग रॉकेट, यांत्रिक बाजू

मी नाशिकची. लग्नानंतर येथे आले तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून वयाच्या अडतिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातले. आमच्या पाच जणांच्या गटात टायरच्या दुकानात काम करणारा एक जण होता, रुग्णालयात रात्रपाळी करणारी एक आई होती, आणि दोघे नुकतेच शाळेतून आलेले होते. सगळे एकत्र भेटू शकू अशी वेळ आठवड्यातून एकदाच निघे, रविवारी दुपारी दोन ते पाच.

नासाच्या वॉलॉप्स तळावरून जूनमध्ये उडणाऱ्या ‘टेरियर-इम्प्रूव्ह्ड ओरायन’ या दोन टप्प्यांच्या रॉकेटवर आम्हाला पेलोड बसवण्यासाठी एक डबा मिळाला होता. हे रॉकेट सुमारे ११ मीटर उंच असते, साधारण ११५ किलोमीटरपर्यंत जाते आणि मग पेलोड पॅराशूटने अटलांटिक महासागरात उतरतो. डबा सुमारे नऊ इंच व्यासाचा. त्याचे वजन ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊन चालत नाही हे आम्ही गृहीतच धरले होते. ते कमी भरूनही चालत नाही, हे मात्र नवे होते. रॉकेट स्वतःभोवती फिरत वर जाते, त्यामुळे प्रत्येक डब्याचे वजन वीस पौंडांच्या अगदी जवळ आणि गुरुत्वमध्य मधल्या एक इंची चौकोनात असावा लागतो.

एप्रिलमध्ये आम्ही सगळे भाग जोडून डबा तोलला, तेव्हा तो हिशेबापेक्षा २१० ग्रॅमने हलका भरला. कमी पडलेले वजन भरून काढणे सोपे असते, पोलादी चकत्या घातल्या की झाले. परंतु ते कमी का पडले हे कळल्याशिवाय काही बसवायचेच राहून गेले आहे की काय, ही भीती जात नाही. आम्ही दोन रविवार एकेक स्क्रू मोजण्यात घालवले. शेवटी टायरच्या दुकानातील मुलाने एक ॲल्युमिनियमची तबकडी हातात घेऊन उजेडासमोर धरली आणि विचारले, “ही छिद्रे कागदावर कुठे आहेत?” तिन्ही तबकड्यांवर वीस मिलिमीटरची चौदा-चौदा छिद्रे होती. ती आम्ही रोज पाहत होतो, त्यांतून वायरी ओवत होतो, आणि ती हिशेबात धरलेली असणार असे प्रत्येकाने मनाशी धरून चालले होते. छिद्रे पाडणारा विद्यार्थी जानेवारीतच दुसऱ्या राज्यात शिकायला गेला होता आणि सुधारित आराखडा त्याच्या घरच्या लॅपटॉपवर राहिला होता. सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातील एक छिद्र म्हणजे पाच ग्रॅम. बेचाळीस छिद्रांचा गुणाकार करून पाहिला तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवसापासून टेबलाला दोरीने बांधलेली एक जाड वही आली. संगणकावरच्या नोंदींना दोरी बांधता येत नाही, ही माझी तक्रार आजही कायम आहे.

ह्यूस्टन; मार्गदर्शक अभियंता, बलून

वरील अनुभव वाचून आमचा पंखा आठवला. लुइझियाना राज्य विद्यापीठाने २००६ पासून बरीच वर्षे ‘हॅस्प’ नावाचा, विद्यार्थ्यांचे पेलोड बलूनने वर नेणारा मंच चालवला. न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर येथून सुमारे तीन लाख घनमीटरच्या हीलियम बलूनखाली बारा विद्यार्थी-पेलोड टांगून ३६ किलोमीटर उंचीवर नेले जात. लहान पेलोडला तीन किलो वजनाची मर्यादा असे आणि मंचाकडून ३० व्होल्टवर अर्धा अँपिअर वीज मिळे, म्हणजे घरातल्या एका दिव्याइतकी.

अर्धा अँपिअर ऐकून आमच्या गटाला वाटले की एवढ्याशा विजेत तापणार काय. वसंत सत्रात आलेल्या एका विद्यार्थिनीच्या लक्षात आले की मुख्य चिप गरम होते, आणि तिने नीट विचार करून तिच्यावर छोटा पंखा बसवला. टेबलावर तापमान झटकन उतरले, सगळ्यांनी तिचे कौतुक केले आणि मीही केले. आदल्या वर्षीच्या गटाने नेमका हाच पंखा बसवून नंतर काढून टाकला होता. पण पंखा काढला, एवढीच नोंद राहिली होती; तो का काढला, हे कोणीही लिहिले नव्हते. ३६ किलोमीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. पंखा फिरतो, पण ढकलायला हवाच नसते.

टेक्सासमधील पॅलेस्टाइन येथे उष्णता-निर्वात चाचणीच्या कक्षात ते आम्हाला कळले. काचेच्या गोल खिडकीतून पंखा सुरेख फिरताना दिसत होता आणि पडद्यावर चिपचे तापमान मिनिटागणिक चढत होते. ८५ अंश सेल्सिअसला तिने स्वतःचा वेग कमी करायला सुरुवात केली.

उपाय सुचवला तो गटातील वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी. वय पन्नाशीच्या आसपास, कॉलेजात गणिताची परीक्षा दुसऱ्यांदा देत असलेले. त्यांनी व्हॅनमधून तांब्याच्या नळीचा तुकडा आणला, हातोडीने चपटा केला, एक टोक चिपवर आणि दुसरे बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीवर थर्मल पेस्ट लावून घट्ट बसवले. निर्वातात उष्णता धातूतून वाहते आणि पृष्ठभागावरून प्रारणाने बाहेर पडते, तिसरी वाट नसते, हे त्यांनी कोणत्याही सूत्राविना दहा मिनिटांत समजावले. पुढच्या फेरीत तापमान ६० च्या वर गेले नाही.

पंखा आजही आमच्या कपाटात आहे. त्याला एक चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर कारण लिहिले आहे.

ओहायो, विद्यार्थी

आमचा अनुभव छोटा आहे. ८ एप्रिल २०२४ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी देशभरातील अनेक महाविद्यालयांनी बलून सोडले, त्याआधीच्या सराव उड्डाणातील ही गोष्ट आहे. आमचा बलून १२ किलोमीटरवर गेला आणि जीपीएसने जागा सांगणे बंद केले. बलून व्यवस्थित वर जात होता, रेडिओ चालू होता, फक्त आकडा गोठला होता. अनेक स्वस्त जीपीएस मॉड्यूल मूळ स्थितीत १२ किलोमीटरपुरतीच जागा सांगतात. वर जायचे असेल तर त्यांना ‘हवाई’ मोडची आज्ञा द्यावी लागते, आणि वीज खंडित झाली की मॉड्यूल ती आज्ञा विसरते. जुन्या गटाला हे माहीत होते, म्हणून ते उड्डाणाच्या आधी लॅपटॉप जोडून आज्ञा देत असत. आम्ही बॅटरी बदलली. लॅपटॉप जोडण्याचा तो विधी कशासाठी असतो हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. उतरताना १२ किलोमीटरच्या खाली जीपीएस पुन्हा बोलू लागला आणि पेलोड एका शेतात सापडला. आता ही आज्ञा प्रोग्राममध्येच आहे, दर मिनिटाला ती पुन्हा दिली जाते.

न्यू जर्सी, एका विद्यार्थ्याची आई

मला तांत्रिक काही लिहिता येणार नाही. आमच्या चिरंजीवांना थेट विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही, म्हणून ते कम्युनिटी कॉलेजात गेले, आणि येथील आपल्या लोकांत हे सांगताना आम्ही आवाज खाली आणत असू, हे कबूल करते. पेलोडच्या कामाचे त्याला एकही क्रेडिट मिळाले नाही. तरीही गटातील एका मुलीची नोकरीची वेळ बदलली तेव्हा तिच्या भागाची सगळी माहिती तो फोनवर समजून घेत होता, रात्री साडेअकराला, आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरून. ती बसथांब्यावरून बोलत होती. “निळी वायर की पांढऱ्या पट्ट्याची निळी?” हा प्रश्न त्याने सहा वेळा विचारला असेल. त्याला इतक्या धीराने बोलताना मी प्रथमच ऐकले.

पुणे, निवृत्त प्राध्यापक

कम्युनिटी कॉलेजाचा मला अनुभव नाही, पण माणसे बदलण्याचा प्रश्न आपल्याकडेही आहे. पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा एक किलोहून किंचित कमी वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटने अवकाशात गेला. त्याची सुरुवात २००८ च्या सुमारास झाली होती, म्हणजे चार वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या दोन पूर्ण पिढ्या मध्ये गेल्या. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेणारे चुंबक वापरून, वीज न खर्चता दिशा स्थिर ठेवणे हे त्यातील वैशिष्ट्य होते. ज्यांनी पहिली गणिते मांडली ते उड्डाणाच्या वेळी केव्हाच नोकरीला लागलेले होते. आपल्याकडे निदान वरच्या वर्गातील विद्यार्थी खालच्या वर्गाला शिकवून जातो आणि वसतिगृहात हाताशीही असतो. वरील अनुभवांतील माणसे तर वर्ग संपताच गाडीत बसून कामावर जाणारी आहेत, त्यामुळे त्यांची अडचण मला अधिक कठीण वाटते. एक विचारतो: नाशिकच्या ताईंच्या डब्याचे पुढे काय झाले?

व्हर्जिनिया, पुन्हा

सरांनी विचारले म्हणून लिहिते. जूनमध्ये आमचा डबा उडाला. अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांना तळावर जायचे असेल तर खूप आधी कागदपत्रे द्यावी लागतात. माझी मीच उशिरा भरली, त्यामुळे मी तळाबाहेरच्या अभ्यागत केंद्राच्या हिरवळीवर उभी राहून उड्डाण पाहिले. सकाळची वेळ होती, डास होते. आधी ज्वाला दिसली आणि आवाज बऱ्याच सेकंदांनी आला, तोवर रॉकेट ढगात शिरले होते.

दुपारी समुद्रातून पेलोड परत आला आणि गटाने मला फोनवर दाखवत डबा उघडला. नोंदी पूर्ण होत्या, प्रवेगाचा आलेख २५ जीच्या (म्हणजे गुरुत्व-प्रवेगाच्या पंचवीस पटीच्या) आसपास टेकून खाली आला होता. रुग्णालयातील मैत्रीण रात्रपाळी करून थेट गाडी चालवत तेथे पोहोचली होती. ती एकेक तबकडी काढत, वहीत लिहीत होती. तिसऱ्या तबकडीवर ती थांबली. एका वायरीचे आवरण छिद्राच्या कडेला घासून गेले होते आणि आतील तांबे दिसत होते. उड्डाण आणखी थोडे लांबले असते तर ते धातूला टेकले असते.

मी त्या रात्री छिद्रे पाडणाऱ्या मुलाला फोटो पाठवला. त्याने लगेच उत्तर दिले की कडा कानशीने घासायच्या राहिल्या होत्या, त्याला ते चांगले आठवत होते, आणि जाण्यापूर्वी तो ते कोणाला तरी सांगूनही गेला होता. कोणाला, ते मात्र त्याला आठवत नव्हते.