शाळेत शिकवायला जाणारे आपण : मदत की लुडबूड?

दुपारचा_चहा :

बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. गेल्या जूनपासून घराजवळच्या मनपा शाळेत मंगळवार-शुक्रवार जातो आणि चौथी-पाचवीच्या सहा-सात मुलांना व्हरांड्यात घेऊन बसतो. वाचन आणि गणित, बाकी काही नाही. सोसायटीच्या ग्रुपवर 'आणखी कोण येतंय?' विचारलं, तर चाळीस अंगठे आले, माणूस एकही आला नाही. वर एका बाईंनी लिहिलं, 'मग शिक्षकांना पगार कशाचा देतात?' म्हणून हा धागा.

माझं म्हणणं : जावं. का, ते सांगतो. पाचवीतला एक पोरगा. ५२ वजा २७, उत्तर ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याने धरून ठेवलेलं. शाळेतली काड्यांची बंडलं त्याच्यापुढे ठेवली, म्हटलं यातलं एक सोड. सोडेना. 'सर, ती सोडायची नाहीत. साहेब येणारेत.' पाच मिनिटं विनवणी केल्यावर रबर निघालं. सुट्ट्या बारा काड्या झाल्या, त्यातल्या सात बाजूला काढल्या, आणि ३५ खोडून २५ त्याचं त्यानेच केलं. वीस मिनिटं गेली. भरल्या वर्गात एका पोरासाठी वीस मिनिटं कुठून आणणार?

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. 'प्रथम' या शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थेच्या बालसख्या मुंबईत हेच करत होत्या. मागे पडलेल्या १५-२० मुलांना वर्गाबाहेर घेऊन बसायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञ मंडळींनी मुंबई आणि बडोद्यात त्याची मोजणी केली, मुलं पुढे सरकलेली दिसली.

फळा_खडू :

काका, नमस्कार. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, दुर्गम भागातली द्विशिक्षकी शाळा. ती बंडलं मी रविवारी रात्री बसून बांधते, त्यामुळे सोडली तर जीव वरखाली होतो हे खरंय. :) पण बालसखीचं अर्धंच सांगितलंत. ती वस्तीतलीच मुलगी असायची, रोज दोन तास यायची, आणि तिला महिन्याला ५०० ते ७५० रुपये मिळायचे. तुम्ही मंगळवार-शुक्रवार, फुकट. तिचा दाखला तुम्हाला कसा चालेल?

दुसरं. आमच्याकडे असेच एक सज्जन यायचे. मनापासून यायचे, खोटं का बोलू. त्यांनी मुलांना त्यांच्या काळची रीत शिकवली : बारातून सात गेले पाच, हातचा एक, तो खालच्या दोनात मिळवला, तीन. उत्तर बरोबर येतं. पण मी वर्गात दशक सोडून सुट्टे करायला शिकवत होते. पुढचे पंधरा दिवस निम्मी मुलं वरून दशक सोडत होती आणि खालीही एक मिळवत होती. ५२ वजा २७ बरोबर १५. निस्तरलं कोणी? मी.

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे आम्हाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं देता येतात. पण बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा अधिकारी) केलं की 'निवडणूक' बारमाही होते. त्यात बैठका, लिंका, फोटो अपलोड. माझा वर्ग मला द्या, मला स्वयंसेवक नको. तुम्ही आलात की वर्ग रिकामा दिसत नाही, आणि रिकामा दिसत नाही तोवर जागा भरत नाहीत. २०२४ च्या सप्टेंबरात कमी पटाच्या शाळांत महिना १५ हजार मानधनावर कंत्राटी माणसं नेमायचं निघालंच होतं. ओरड झाली, तेव्हा २०२५ च्या फेब्रुवारीत मागे घेतलं. तुम्ही तर त्याहून स्वस्त.

पुणेरी_पाटी :

चाळीस अंगठे म्हणजे वीस माणसं. धाग्याच्या विषयाला धरून वजाबाकी करून बघा.

आकडेमोड :

पाटी, तो भागाकार झाला.

फळा_खडू यांच्या मुद्द्याला दुजोरा. 'प्रथम'च्याच पुढच्या प्रयोगांत उत्तराखंडात स्वयंसेवक शाळांना दिले, शाळांनी त्यांना नेहमीच्या वर्गांवर बसवून टाकलं. मुलांच्या वाचनात फरक शून्य. बिहारमध्ये गावातले स्वयंसेवक शाळेच्या वेळेबाहेर मुलांना घेऊन बसले, तिथे फरक पडला. म्हणजे माणूस कुठे बसतो यावर सगळं आहे. पण शाळा सुटल्यावर वर्ग घ्यावेत म्हणाल, तर उत्तर प्रदेशात जौनपूरला तेही करून पाहिलंय. जी मुलं आली ती वाचायला शिकली, पण आली जेमतेम ८ टक्के. त्यामुळे काकांनी शाळेच्या वेळेत, पण वर्गाबाहेर बसणं मला तरी पटतं. व्हरांडा सोडू नका.

पोळपाट :

मी पालक आहे, शाळा व्यवस्थापन समितीतही आहे. (समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.) मला दोघांशीही भांडायचंय.

फळा_खडू ताई, जागा भरायला हव्यात, कबूल. मोर्चाला मीही येईन. पण माझी मुलगी तिसरीत आहे, 'प्रकाश'चं 'पकाश' वाचते. जागा भरेपर्यंत ती सातवीत जाईल. तोवर तिने काय करायचं?

आणि काका, तुम्ही चांगलेच असाल. पण तुम्हाला शाळेत सोडलं कोणी, तुमची चौकशी कोणी केली? ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकारानंतर कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करा असा आदेश निघाला. हौसेने येणाऱ्यांचं काय? आमच्या समितीत मी तीन नियम करून घेतले : पडताळणी, उघड्यावर बसणं, आणि मुलांबरोबर फोटो नाही. तिसरा नियम ऐकून दोघे आलेच नाहीत.

दुपारचा_चहा :

पोळपाट, माझी पडताळणी झालेली नव्हती. मुख्याध्यापक ओळखीचे, एवढ्यावर काम झालं. तुमचा प्रतिसाद वाचून उद्याच अर्ज करतोय.

फळा_खडू, हातच्याचा गुन्हा मीही केलाय. पहिल्याच आठवड्यात. आता आधी बाईंची वही बघतो, त्या ज्या रीतीने शिकवतात तीच धरतो. जोडाक्षरंही त्यांनी सुरू केल्याशिवाय घेत नाही. बालसखीचंही मान्य. दोन दिवस म्हणजे दोनच दिवस, पण दहा महिन्यांत चार मंगळवार सोडले तर खाडा नाही.

जागा अडण्याचं मात्र मला पटत नव्हतं. मग आठवलं. दिवाळीनंतर एकदा मुख्याध्यापक म्हणाले, 'आज पाचवी बघता का, बाई मतदार यादीच्या कामाला गेल्यात.' बघितली. पुन्हा एकदा बघितली. तिसऱ्यांदा माझी सहा मुलं व्हरांड्यात वाट बघत बसली आणि मी आत ४० जणांना गप्प बसवत होतो. चौथ्या वेळी नाही म्हणालो.

फळा_खडू :

बरं केलंत. पण त्या दिवशी पाचवीवर कोण होतं?

दुपारचा_चहा :

शिपाईमामा. शुद्धलेखन घातलं म्हणे.