वार पडताना नाळ ओढतात का? इंजेक्शन कशासाठी?

वाईची_मृण्मयी: माझ्या धाकट्या बहिणीला नववा लागलाय. पहिल्या वेळी बाळ झालं पण वार (प्लॅसेंटा) अडकली, शेवटी भूल देऊन हाताने काढावी लागली. ती अजून धास्तावलेली आहे. तिच्या सासूबाई म्हणतात, इंजेक्शन घ्यायचं नाही, वार आपली आपण पडते, नाळ ओढतात म्हणूनच अडकते. यात कितपत तथ्य आहे?

निवृत्त_सिस्टर: ताई, माझी सगळी नोकरी प्रसूतिकक्षात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वार बहुतेकींची आपोआप सुटते, हे खरं. बाळ बाहेर आलं की गर्भपिशवी आकसते, वार आकसत नाही, म्हणून ती भिंतीपासून निघते. पण ती निघाली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात, आणि त्या आवळून बंद करायचं काम पिशवीच्या स्नायूंचंच. दिवस भरलेल्या बाईच्या पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा जास्तच रक्त जात असतं. पिशवी ढिली राहिली तर काय होईल, बघा! इंजेक्शन त्यासाठी. पोटात दुसरं बाळ नाही ना, एवढं बघून लगेच मांडीत ऑक्सिटोसिनचे 10 युनिट देतात. त्याला नाही म्हणू नका, कळकळीने सांगते.

नाळेबाबत सासूबाईंची भीती अगदीच चुकीची नाही. ढिल्या पिशवीवर नाळ ओढली तर नाळ तुटते, कधी पिशवीच उलटी होऊन बाहेर येते. म्हणून बाळ ठीक असेल तर एक ते तीन मिनिटं थांबून नाळ कापायची, मग पिशवी चेंडूसारखी कडक लागेपर्यंत वाट बघायची. वार सुटली की नाळ थोडी लांबते, एकदम रक्त येतं, पिशवी वर सरकते. मग एक हात ओटीपोटावर ठेवून पिशवी वर धरायची आणि दुसऱ्या हाताने नाळेला सावकाश ताण द्यायचा. हिसका कधीच नाही.

पूर्वी सुईणी बाळंतिणीच्या तोंडात तिचीच वेणी कोंबत. उबळ आली की पोटावर जोर येऊन सुटलेली वार पडायची. पण न सुटलेल्या वारेला त्याचा काही उपयोग नाही.

वार पडली की ट्रेमध्ये दोन्ही बाजूंनी तपासतात. अर्ध्या किलोच्या आसपास भरते. एक तुकडा जरी आत राहिला तरी नंतर रक्त जात राहतं.

आई_दोघांची: माझं पहिलं सिझर आहे. मलाही हा धोका आहे का?

निवृत्त_सिस्टर: वार खाली, जुन्या टाक्यांच्या जागेवर असेल तर ती तिथे खोल रुजण्याची शक्यता असते. सोनोग्राफीत वार कुठे आहे ते डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

वाईची_मृण्मयी: सिस्टर, खूप आभार. बहिणीची वार परत अडकेल का?

निवृत्त_सिस्टर: अडकेलच असं नाही, पण एकदा अडकली असेल तर पुढच्या वेळी शक्यता वाढते. म्हणून पहिल्या वेळचा कागद डॉक्टरांना आत्ताच दाखवा. भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळण्याची सोय असेल तिथेच बाळंतपण करा. हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घ्या. अर्ध्या तासात वार पडली नाही, किंवा त्याआधीच रक्त जास्त जाऊ लागलं, तर पुढचे उपाय करतात. घरी आल्यावर ताप, घाण वास किंवा रक्ताच्या मोठ्या गाठी दिसल्या तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या.